परसातल्या देवाची ब्रँडी

मटणाचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. कोंबडी किती, मटण किती, कोळसा कुठला, भाजणार कोण, सगळं मल्हाररावांनी सकाळचा पेपर वाचता वाचता मिटवून टाकलं. माणसाची अब्रू खाण्यात जात नाही, पिण्यात जाते. हे वाचून कुणाला मल्हारराव बाटलीत बुडालेले गृहस्थ वाटले असतील तर त्यांनी आधी स्वतःच्या कानाखाली हलकीशी मारून घ्यावी. बेंगळुरूच्या जे. पी. नगरात नळ, तोट्या आणि कमोड विकणारा हा माणूस इतका भिडस्त होता, की गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तर गिऱ्हाइकाऐवजी यालाच शरम वाटायची.

त्यांची एकुलती एक मुलगी स्मृती कोरमंगलात नोकरीला. कंपनी अशी, की तिथं सगळे दिवसभर टेबल टेनिस खेळतात आणि संध्याकाळी काम करून दमलो म्हणतात. तिथंच तिला यशोवर्धन जगदाळे भेटला. पुण्याचा, मराठाच, नम्र, दोन वेळा वाकून नमस्कार करणारा. मुलाबद्दल तक्रार नव्हती. भांडण होतं ते लग्न कुठं करायचं यावर.

"आम्ही इकडं कार्यालय बघून ठेवलंय," मुलाच्या आई मनस्विनीबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "एसी आहे. तिकडं बेंगलोरला म्हणजे आमच्या लोकांना अवघडच. आणि तुमच्याकडं आपल्या पद्धती राहिल्यात का हो अजून?"

मल्हाररावांच्या काळजात ते वाक्य माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथं आले. साडेतीनशे वर्षं घरात मराठी बोलतात. थोडी कन्नड मिसळते, मिसळणारच, साडेतीनशे वर्षांत दगडालाही शेवाळ धरतं. "बाई, आमच्या घोड्यांनी या गावात लीद टाकली तेव्हा तुमच्या अर्ध्या पेठा वसायच्या होत्या," हे सणसणीत उत्तर त्यांना सुचलंही. पण फोन ठेवल्यावर. सज्जन माणसाला उत्तरं फोन ठेवल्यावरच सुचतात, म्हणून तर तो सज्जन राहतो.

लग्न बेंगळुरूतच, या दारातच झालं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. पोरगी कायमची चालली. निदान निघताना तरी स्वतःच्या उंबऱ्यावरून निघू दे.

मे महिन्यात जगदाळे पतीपत्नी के. आर. पुरमला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा स्मृतीनं तोडगा काढला. "अप्पा, हॉटेल नको, हॉल नको. आपल्या परसात बार्बेक्यू करू. त्यांना आपलं घर दिसू दे, माणसं दिसू देत. तिथंच बोलून टाका लग्नाचं."

मल्हाररावांना पटलं. स्कूटर सुरू करता करता स्मृती म्हणाली, "आणि प्यायला काय ठेवायचं ते ठरवा स्वल्प!"

झालं. सुखी माणसाचं सुख तिथं संपलं.

पहिला सल्ला भिंतीवरून आला. शेजारचे गुंडूराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून कंपाउंडच्या भिंतीपलीकडं प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून जगत होते. "मल्हारण्णा, आमच्या घरात लसूणसुद्धा शिरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण सांगतो. उन्हाळा, मटण आणि निखारे म्हटलं की बियर. गारेगार. तीसुद्धा गव्हाची, संत्र्याची चकती लावून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वाचन," गुंडूराव गंभीरपणे म्हणाले.

पण संध्याकाळी स्मृतीनं बातमी आणली. यशोवर्धनचे बाबा शंभूराज दारूबंदीच्या खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर धाडी घातल्या. घरात एक थेंब चालत नाही. तसं मनस्विनीबाईंनी आवर्जून कळवलं होतं.

मल्हाररावांना उलट हायसं वाटलं. कारण आपल्या समाजाचा एक कायदा आहे, तो कुठं लिहिलेला नाही आणि कुणी मोडत नाही. सगळे घेतात, पण कुणी कुणाला घेताना पाहिलेलं नसतं. थोरल्यासमोर धाकटा घेत नाही, सासऱ्यासमोर जावई घेत नाही, व्याह्यासमोर व्याही तर नाहीच नाही. म्हणून आपल्या लग्नांत मांडवात बायका बसतात आणि पुरुष एकेक करून गाडीत काहीतरी विसरलेलं आणायला जातात. हा ढोंगीपणा आहे म्हणावं, तर लोक याला संस्कार म्हणतात, आणि लोकांशी कोण भांडणार?

तर दारू बाद. राहिली सरबतं. वाटलं, संपलं. कसलं संपतंय?

मल्हाररावांच्या बायको सोयराबाई म्हणाल्या, पानक. गूळ, लिंबू, सुंठ, वेलची, देवाधर्माचं पेय. स्मृती म्हणाली, कोंबुचा.

"ते काय असतं?" सोयराबाई.

"आंबवलेला चहा, अम्मा. पोटाला चांगला."

"आंबलेला चहा आपल्याकडं मोरीत ओततात."

गुंडूरावांनी भिंतीवरून नन्नारीचं, म्हणजे अनंतमुळाच्या गोड सरबताचं, नाव पुढं केलं. मल्हाररावांचं मत ताकाला होतं, पण त्यांचं मत हे त्यांच्या घरात कॅलेंडरासारखं होतं, भिंतीवर असायचं आणि कुणी बघायचं नाही. शेवटी भांडण नको म्हणून चारही ठरली. मल्हाररावांनी सुस्कारा सोडला आणि तोच सोयराबाईंनी, भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, "आणि देवाला काय?"

परसात जांभळाखाली मुनेश्वर आहे. म्हणजे एक काळा दगड, शेंदूर लावलेला, दोन चांदीचे डोळे. मल्हाररावांच्या आजोबांनी जागा घेतली तेव्हा तो तिथं आधीपासून होता. जागा आपण घेतली की त्यानं आपल्याला घेतलं, यावर घरात अजून एकमत नाही. त्याचा नियम एकच. परसात विस्तव पेटला आणि त्यावर मांस चढलं, की पहिला वाटा त्याचा. एक तुकडा, एक विडी आणि एक घोट. पूर्वी सारायी, म्हणजे इकडची गावठी, चालायची. सरकारनं सारायी बंद केली तेव्हा देवाला ब्रँडीवर आणावं लागलं, आणि ते त्यानं मोठ्या मनानं मान्य केलं.

"मग सगळं आत गॅसवर भाजू," मल्हारराव म्हणाले.

"भाजा. परसात निखारे नकोत हे तेवढं स्मृतीला तुम्हीच सांगा. घरातल्या गॅसचं त्याला काही नाही. दुसऱ्याच्या घरात तो डोकावत नाही."

भिंतीपलीकडचं स्टूल करकरलं आणि गुंडूराव काही काळ दिसेनासे झाले.

"त्याला ताकच देऊ की. एक दिवस."

"तुमच्या काकांनी एकदा सोडा दिला होता. आठ दिवसांत बोअरवेल आटली."

"अगं, त्या साली अख्ख्या नगराची आटली होती!"

"मोठा देव आहे," सोयराबाई म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

म्हणजे घरात एक बाटली येणार. ती फुटणार एका निवृत्त अबकारी साहेबाच्या डोळ्यांदेखत. गुंडूराव पुन्हा उगवले. "परवाना काढा, मल्हारण्णा. हा माणूस बाटली बघून पहिला प्रश्न काय विचारणार? परवाना कुठाय? लग्नाचं बोलणं मग पोलिस ठाण्यात."

मल्हारराव दुकान बंद करून कचेरीत गेले. कचेरीचं नाव घेत नाही; सगळ्या कचेऱ्या एकाच आईच्या पोटच्या.

"पार्टीला किती जण पिणार, सार्?" टेबलामागच्या माणसानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग परवाना कुणासाठी?"

"देवासाठी."

माणसानं पेन ठेवलं. शेजारच्या टेबलावरची बाईही वळून बसली. "देव कायद्यानं सज्ञान आहे का, सार्? वयाचा पुरावा लागतो."

मल्हाररावांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "अहो, जागा घेतली तेव्हापासून आहे तो!"

"सरी सरी, रागावू नका. देवाचं प्रकरण आमच्याकडं येत नाही. देवळांच्या कचेरीत जा."

देवळांच्या कचेरीतल्या माणसानं चष्मा पुसला. देऊळ आहे? नाही. पुजारी? नाही. हुंडी, म्हणजे दानपेटी? नाही. "मग तो तुमचा खासगी दगड झाला."

"दगड नाही, देव आहे."

"नोंदणी होईपर्यंत दगडच," असं म्हणून त्या माणसानं डबा उघडला, आणि भुकेल्या सरकारी माणसाशी अध्यात्म बोलता येत नाही, म्हणून मल्हारराव परतले. परवाना गेला उडत.

आता बाटली कुठून घ्यायची? जे. पी. नगरात घेतली असती तर अर्ध्या तासात सगळ्या प्लंबरांना कळलं असतं. पण जगदाळ्यांना आमंत्रण द्यायला के. आर. पुरमला जायचंच होतं. घरी जाऊन हात जोडल्याशिवाय आमंत्रण होत नाही, मोबाइलवर होतं ते कळवणं. मल्हारराव गेले. मनस्विनीबाईंनी बिनसाखरेचा चहा दिला. शंभूराज मात्र थोड्याच वेळात उठले. "बसा तुम्ही. माझ्या पायात गोळा आलाय, जरा फेरी मारून येतो."

निरोप घेऊन मल्हारराव मेट्रोकडं निघाले. स्टेशनाच्या अलीकडं दुकान होतं. जाळीपुढं घोळका होता. मल्हाररावांनी रुमाल तोंडाला लावला, हात आत घातला आणि म्हणाले, "ब्रँडी. हाफ." त्यांच्या शेजारून, तितक्याच दबल्या आवाजात, दुसरा हात आत गेला. "ब्रँडी. फुल."

दोन बाटल्या एकदमच बाहेर आल्या. एकाच कंपनीच्या, थोरली आणि धाकटी. मल्हाररावांनी वळून पाहिलं. मुलाच्या कंपनीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेले शंभूराज जगदाळे.

बरं, आता यात लाजायचं कुणी? एकानं आयुष्यभर धाडी घातलेल्या, दुसऱ्यानं आयुष्यभर कमोड विकलेले. पण दोन व्याही असे उभे राहिले, जणू एकमेकांना न्हाणीघरात पाहिलंय.

"औषधाचं दुकान इथंच कुठंतरी आहे म्हणे," शंभूराज म्हणाले.

"पुढच्या गल्लीत असेल," मल्हारराव म्हणाले.

आणि दोघं विरुद्ध दिशांना चालू लागले. मल्हाररावांना जायचं होतं ते नेमकं शंभूराज गेले त्या दिशेला, म्हणून त्यांनी उगाच उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभं राहून बराच वेळ काढला.

त्या दिवसापासून मल्हाररावांची झोप उडाली. आता व्याह्याला प्यायला द्यावं तर "मी तुला तिथं पाहिलं" असं तोंडावर सांगितल्यासारखं. न द्यावं तर तहानलेल्या माणसासमोर मटण ठेवून छळल्यासारखं. आणि नुसतं देवाला द्यावं तर? ते तर सगळ्यात क्रूर. सोयराबाईंना सांगावं म्हटलं तर व्याह्याची अब्रू जाते. असं हे गुपित घेऊन बिचारा माणूस तोट्या विकत राहिला, आणि त्या आठवड्यात गरम पाण्याच्या जागी थंड पाण्याच्या तोट्या देऊन बसला.

रविवार उजाडला तो तापतच. टँकर उशिरा आला, म्हणून बर्फ उशिरा आला, म्हणून येईपर्यंत त्याचं पुन्हा टँकरमध्ये असतं तेच झालं होतं. ताकाचं पातेलं कुणीतरी उन्हात ठेवलं. ते इतकं आंबलं की जवळ गेलं तर डोळ्यांत पाणी यायचं. पानकात मुंग्यांनी सामुदायिक जलसमाधी घेतली. स्मृतीच्या कोंबुचाची एक बाटली उन्हानं तापून अशी फुटली, की गुंडूराव स्टुलावरून थेट स्वतःच्या तुळशीत गेले. नन्नारी तेवढी शाबूत राहिली. मल्हाररावांनी दोन हातांनी पेला पुढं केला.

"यात साखर आहे?" मनस्विनीबाईंनी विचारलं.

"यात साखरच आहे," मल्हारराव खरं बोलून बसले.

"मग नुसतं पाणी चालेल."

खुर्च्या होत्या, सावली होती, निखारे होते, आणि कुणाच्याही हातात काही नव्हतं. हातात काही नसलं की माणसाच्या तोंडालाही काही सुचत नाही. शंभूराज शर्टाची कॉलर सैल करत जांभळाकडं बघत होते. मल्हारराव शंभूराजांना सोडून सगळीकडं बघत होते. यशोवर्धन मोबाइलमध्ये लपला होता.

"आमचं कार्यालय एसी आहे," मनस्विनीबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "बयाणा द्यायचा राहिलाय तेवढा. उद्या देऊन टाकू म्हणतेय."

स्मृतीनं बापाकडं पाहिलं. बापानं पुठ्ठा उचलून निखाऱ्यांना वारा घालायला घेतलं.

तेवढ्यात पहिला तुकडा भाजून उतरला आणि सोयराबाई ताट घेऊन आल्या. कुंकू, तुकडा, विडी आणि मधोमध ती बाटली. "चला, देवाचं करा आधी."

मल्हाररावांनी बाटली उचलली. झाकणाचा कडक्क आवाज परसाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शंभूराजांनी बाटलीकडं पाहिलं, ओळखलं, आणि खुर्ची थोडी पुढं ओढली. मल्हाररावांनी धार धरली. दगड घटाघट प्यायला. उन्हाचा तापलेला होता बिचारा.

उरलेलं सोयराबाईंनी तांब्याच्या पंचपात्रीत ओतलं, पळी घेतली आणि थेट शंभूराजांसमोर उभ्या राहिल्या. "हात करा. प्रसाद."

"आमच्याकडं हे घेत नाहीत," मनस्विनीबाई ताठ झाल्या.

"तुमच्याकडं नसतील घेत, ताई. हा आमच्याकडचा देव आहे. याला नाही म्हणायचं नसतं."

मल्हाररावांनी डोळे मिटले. गेलं लग्न पुण्याला.

शंभूराजांनी टोपी काढली. रुमाल डोक्यावर टाकला. डाव्या हातावर उजवा हात ठेवून अशी ओंजळ केली, की साक्षात नरसोबाच्या वाडीला उभे आहेत. घेतलं. उरलेला ओलावा डोळ्यांना लावला, शेंडीच्या जागेवरून हात फिरवला.

"पद्धत फार छान आहे," ते म्हणाले. "वहिनी, तीर्थ तीनदा घेतात ना?"

"घेतात की."

"मग नियम मोडायला नको."

यशोवर्धन मोबाइलमधून वर आला. बापासमोर घ्यायचं नाही हा संस्कार होता. देवाला नाही म्हणायचं नाही हाही संस्कार होता. थोरला संस्कार जिंकला. बापलेकांनी एकाच वेळी हात पुढं केले आणि दोघंही तेवढ्यापुरते आभाळात बघत राहिले. भिंतीवरून एक हात लांब झाला. "देवाला भिंत नसते, वहिनी," गुंडूराव म्हणाले. त्यांच्या केसांत तुळशीच्या मंजिऱ्या होत्या.

मनस्विनीबाईंनी बराच विचार केला. मग हळूच विचारलं, "यात साखर नसेल ना?"

मल्हारराव पुढं सरले. घसा कोरडा ठणठणीत, सकाळपासून पाण्याचा घोट नाही. त्यांनीही ओंजळ केली. सोयराबाईंनी पळी मागं घेतली. "तुम्हाला नाही. ज्यानं देवाला पाजलं त्यानं त्या दिवशी घ्यायचं नसतं. विसरलात?"

विसरले नव्हते. आशा होती.

हाफ ती किती पुरणार? पंचपात्री खडखडली तसे शंभूराज उठले. "गाडीत देवासाठी थोडं ठेवलंय," म्हणाले आणि फुल घेऊन आले.

मनस्विनीबाईंनी डोळे बारीक केले. "अहो, इथं देव आहे हे आपल्याला आत्ता कळलं. तुम्ही आधीच कसं आणलंत?"

"श्रद्धा आधी येते," शंभूराज शांतपणे म्हणाले. "देव मागून भेटतो."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सोयराबाईंनी पळी पुढं केली आणि प्रसाद घेताना भांडायचं नसतं. नवी बाटली, म्हणून आधी देवाला. मग सगळ्यांना तीनदा. मग कुणीतरी म्हणालं, देवाला पुन्हा विचारा. मल्हारराव ओतत राहिले, वाकत राहिले, आणि मधे मधे आंबलेल्या ताकाचा एकेक घोट घेऊन अंगावर शहारे आणत राहिले. मटण भाजलं जात होतं, गुंडूराव नाकाला उपरणं लावून वासाची निंदा करत होते आणि भिंतीवरून हलत नव्हते. मनस्विनीबाई सोयराबाईंना ताई म्हणू लागल्या. मग अक्का म्हणू लागल्या. शब्द कुठून शिकल्या देव जाणे.

ऊन कललं तेव्हा शंभूराज उठून उभे राहिले. "मल्हारराव, लग्न इथंच. या परसात, या देवासमोर. साडेतीनशे वर्षं तुम्ही पद्धत सांभाळलीत. आमच्याकडं काय उरलंय? एसी!"

"कार्यालयवाल्याला नाही म्हणून कळवते," मनस्विनीबाई म्हणाल्या आणि त्यांना उगाच हसू आलं.

स्मृती धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली. मल्हाररावांचे डोळे भरले. जिंकले होते. एक शब्दही न बोलता, एक थेंबही न घेता जिंकले होते.

"फक्त एक," शंभूराजांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याकडून पाचशे माणूस येईल. सगळी फार धार्मिक आहेत हो. प्रसादावाचून एकालाही परत पाठवू नका."

मल्हाररावांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. पाचशे माणसं. प्रत्येकाला तीनदा. ते परवाने, ती कचेरी, तो देवाच्या वयाचा पुरावा. मंडळी हात धुवायला नळाकडं गेली तशी ते जांभळाखाली आले, दगडासमोर मांडी घालून बसले, आणि इकडंतिकडं बघून हात जोडून अगदी हळू म्हणाले, "मुनेश्वरा, लग्नाच्या दिवसापुरती कॉफी चालेल का तुला? चांगली, चिकोरी न घातलेली?"

देव काही बोलला नाही.

"नाही चालत," स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोयराबाई म्हणाल्या.